जबड्याचा मानापमान

मराठी भाषेने मानेला जेवढा मान दिला आहे, तेवढा दुसऱ्या कुठल्याही अवयवाला दिलेला नाही. स्वाभिमानी माणसाची मान ताठ असते, लाचाराची झुकलेली असते, रसिकाची डोलत असते आणि गरजवंताची नेहमी दुसऱ्याच्या हातात असते. जोखड ठेवायचं ते मानेवर, सुरी फिरवायची ती मानेवर, आणि पिंपळावरच्या भुतालासुद्धा बसायला अख्खा माणूस मोकळा असताना मानगूटच लागते. याउलट जबडा पाहा. जबडा म्हटलं की डोळ्यांपुढे मगर येते. फार तर पाणघोडा. माणसाला तोंड असतं, गाल असतात, हनुवटी असते, कवींच्या कृपेने अधर वगैरेही असतात. जबडा मात्र नसतो. ‘गृहकृत्यदक्ष, सुस्वरूप, रेखीव जबडा’ अशी विवाहविषयक जाहिरात निदान मी तरी आजवर वाचलेली नाही. माणसाला जबडा फुटतो तो एकदम दुखायला लागल्यावरच.

आणि दुखायला लागल्यावरही बिचारा स्वतःच्या नावाने दुखत नाही. जबडा दुखतो आणि माणूस म्हणतो, ‘मान धरलीय.’ मान धरते आणि माणूस म्हणतो, ‘कान ठणकतोय.’ कान, मान आणि जबडा हे चाळीतले सख्खे शेजारी आहेत. एकाच्या मोरीत भांडं पडलं की दुसऱ्याच्या घरातलं मूल दचकून उठतं.

माझी मान अशी दीड वर्ष दुखत होती. चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढल्यावर मान दुखणं ही ग्रॅच्युइटीसारखी हक्काची गोष्ट आहे, असं समजून मी सुरुवातीला ते मनावर घेतलं नाही. उजव्या बाजूला, मानेच्या मुळाशी एक कळ राहायला आली होती. ती सकाळी माझ्याबरोबर उठे, चहा घेई, दुपारी कानामागून फेरफटका मारून येई आणि रात्री कपाळावर मुक्कामाला जाई. शिवाय जेवताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज होई. तो फक्त मलाच ऐकू येतो असा माझा समज होता. एकदा भाकरी मोडून पहिला घास तोंडात घातला, तर सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, दिवा का बंद केलात?”

आता आपलं शरीर दिसायला एकसंध असलं तरी वैद्यकशास्त्राने त्याच्या वाटण्या केव्हाच करून टाकल्या आहेत. मी आधी मान घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला, तो उजेडात धरला आणि घरमालकाने जुन्या भिंतीकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहत म्हणाले, “वयोमानाप्रमाणे झीज आहे.” वयोमान! इथेही मान सुटली नाही. त्यांनी मला मानेचा पट्टा दिला. मग कान घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि “कान उत्तम आहे” असं अशा काही आवाजात सांगितलं, की ‘मग माझा वेळ कशाला घेतलात’ हे पुढचं वाक्य न उच्चारताच मला त्या उत्तम कानाने स्पष्ट ऐकू आलं. दातांच्या डॉक्टरांनी माझ्या एका निरपराध दाढेवर संशय घेतला. पुरावा काहीच नव्हता. पण “काढून पाहू” म्हणाले. दाढ ही काढून पाहायची आणि नाही पटलं तर परत बसवायची वस्तू नसल्यामुळे मी “येतो हं” म्हणून जो निघालो, तो दाढेसकट घरी आलो.

तिघांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाने आपापला गट नंबर चोख तपासला होता. दुखणारा तुकडा नेमका तिघांच्या बांधावर होता. कानाच्या पुढे, दातांच्या मागे आणि मानेच्या वर असलेला जबड्याचा तो सांधा सातबाऱ्यावर कुणाच्याच नावाने लागलेला नव्हता.

पट्टा घातल्यावर मात्र आयुष्यात पहिल्यांदाच माझी मान ताठ झाली. सोसायटीत चौकशीची लाट आली. पहिल्या मजल्यावरच्यांनी उशी बदलायला सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी उशी काढून टाकायला सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी स्वतःच्या मानेची हकिकत सांगितली. चार दिवसांत लाट ओसरली. प्रत्येकाने एकदा विचारलं आणि प्रकरण संपलं. संपलं नाही ते फक्त नानांच्या बाबतीत.

नाना म्हणजे माझे वडील. वय वर्षे ब्याण्णव. पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेला माणूस. गेली तीन वर्षं त्यांची स्मरणशक्ती हप्त्याहप्त्याने राजीनामा देते आहे. एकोणतिसाचा पाढा अजून खडखडीत येतो. सकाळचा चहा झाला की नाही, हे मात्र येत नाही. दिवसातून तीस-चाळीस वेळा ते मला विचारतात, “आज बँकेला सुट्टी का रे?” सुरुवातीला मी निवृत्ती म्हणजे काय ते समजावून सांगत असे. मग नुसतं “हो नाना, सुट्टी” म्हणायला लागलो. त्यावर कधीकधी “कसली?” असा पुरवणी प्रश्न येई. अशा रीतीने मी एका दिवसात तीनदा दिवाळी आणि दोनदा मोहरम पाळलेला आहे.

पट्टा आला आणि नानांचा प्रश्न बदलला. “अरे, तुझ्या मानेला काय झालं?” दर वेळी त्यांना तो पट्टा नव्याने दिसे. दर वेळी ते खुर्चीतून अर्धवट उठत, थरथरता हात माझ्या खांद्यावर ठेवत आणि म्हणत, “फार दुखतं का? बस जरा. माझं काही नको करूस.” मी बसे. दोन मिनिटांनी पुन्हा, “अरे, तुझ्या मानेला काय झालं?” आणि गंमत म्हणजे चाळिसाव्या वेळीसुद्धा त्यांच्या आवाजातली काळजी घडी न मोडलेल्या धोतरासारखी कोरी असे. अशा माणसावर रागावता येत नाही. पण दिवसातून चाळीस वेळा न रागावणं हेही काही फुकट होत नाही. त्याचा खर्च कुठे तरी पडतच असतो.

दुसरा खर्च दर रविवारी रात्री पडे. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. नानांना शब्दकोडी द्यावीत, अक्रोड द्यावेत, संध्याकाळी फिरायला न्यावं, अशा सूचना तो दहा मिनिटं देतो आणि शेवटी नेहमीचं वाक्य म्हणतो, “दादा, तू आहेस म्हणून मला काही काळजी नाही बघ.” मी मान डोलावतो. पट्टा असतानाही डोलावत होतो. चौतीस वर्षांची सवय पट्ट्याला थोडीच ऐकते?

शेवटी आमच्या भाचीच्या ओळखीने दंतवैद्यकाच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी दाताकडे पाहिलंच नाही. पहिला प्रश्न विचारला, “काका, जिना चढताना किंवा भराभर चालताना जबडा दुखतो का? छातीत जड वाटतं?” मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. कारण श्रम केल्यावर दुखणारा आणि विश्रांतीने थांबणारा जबडा कधीकधी हृदयाचा निरोप घेऊन आलेला असतो. त्याला दातांच्या खुर्चीत बसवून चालत नाही. आधी हृदयाचे डॉक्टर गाठावे लागतात.

दुसरा प्रश्न त्याहून चमत्कारिक होता. “तुमच्या हाताची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा.” साधारणपणे माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं जातात. माझी दोन गेली आणि तिसरं लोकलच्या दारातल्या प्रवाशासारखं बाहेर लोंबकळत राहिलं. बाईंनी पट्टी लावून मोजलं. अठ्ठावीस मिलिमीटर. चाळीसच्या आसपास तरी हवं होतं. मग त्यांनी माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली आणि तोंड उघडायला लावलं. उजवीकडे ‘कट्’ झालं. दीड वर्ष चाललेल्या तपासात आरोपी पहिल्यांदाच रंगेहाथ सापडला.

हा सांधा म्हणजे एक प्रकरणच आहे. दाराची बिजागरी नुसती फिरते. हा आधी फिरतो आणि मग पुढे घसरतोसुद्धा. म्हणजे बिजागरी आणि ड्रॉवर, दोन्ही एकात. मध्ये एक छोटी चकती असते. ती जागेवरून पुढे सरकली की तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि ‘कट्’ वाजतं. शिवाय खालचा जबडा हे एकच हाड असल्यामुळे डावा आणि उजवा असे दोन्ही सांधे लग्न लागल्यासारखे एकमेकांना बांधलेले. एकाने असहकार पुकारला की दुसऱ्याची फरपट.

“पण मला मान दुखते,” मी म्हटलं.

“तेच सांगते,” बाई म्हणाल्या. “मान मागे टाका आणि दात अलगद मिटा. आता हनुवटी छातीकडे आणा आणि पुन्हा मिटा.”

मी तसं केलं. माझ्याच तोंडातले माझेच दात मला दोन वेगवेगळ्या ठिकाणी भेटले! वाचकहो, तुम्हीही करून पाहा; घरात कुणी नसताना करा म्हणजे झालं. आपण मोठा घास घेतो तेव्हा नुसता जबडा खाली जात नाही, डोकंही किंचित मागे जातं. आपलं डोकं, आत काही असो वा नसो, साडेचार-पाच किलोचं असतं. ते मान दिवसभर तोलून धरते, आणि जबडा त्या डोक्याला खालून टांगलेला. मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलं की मानेची आणि जबड्याची, दोघांचीही ओढाताण.

खरी मेख पुढे आहे. जबड्याकडून निघणारी मोठी वायर, म्हणजे मेंदूच्या बारा जोड मज्जातंतूंपैकी पाचवा, आणि मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या वायरी मेंदूच्या बुंध्याशी एकाच खोलीत येऊन मिळतात. आमच्या जुन्या चाळीत पूर्वी एकच फोन होता, खाली वाण्याच्या दुकानात. फोन आला की वाणी रस्त्यात येऊन ओरडे, “जोशींचा फोन!” चाळीत जोशी तीन. तिन्ही जोशी उघड्या अंगाने जिने उतरत. आपला मेंदू हा तो वाणी आहे. दुखण्याचा फोन येतो जबड्याकडून, आणि तो हाक मारतो मानेच्या नावाने. मानही हाडाची सोशिक. ती म्हणते, माझाच असेल.

“मग सुरुवात कुणी केली?” मी विचारलं. “जबड्यामुळे मान, की मानेमुळे जबडा?”

“दोघांची दुखणी पुष्कळदा बरोबर सापडतात, एवढं नक्की. आधी कोण, याचा निकाल लागलेला नाही.”

म्हणजे दिवाणी दावा. आणि तोही जुना. १९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टेन यांनी कानाचं दुखणं जबड्याच्या सांध्याशी जोडून दाखवलं. हे स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर, म्हणजे स्वतःची हद्द सोडून शेजारच्या वाड्यात डोकावलेला माणूस! दाढा पडल्या की जबडा जास्त मिटतो आणि सांधा मागे कानाकडे दाबला जातो, असं त्यांचं म्हणणं. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी ते कारण खोडून काढलं. पण आजाराला कॉस्टेन यांचं नाव बराच काळ चिकटून राहिलं. मग दात नीट जुळत नाहीत म्हणून ते घासघासून जुळवण्याचा एक काळ येऊन गेला. १९६९ साली डॅनियल लॅस्किन यांनी दातांऐवजी स्नायूंकडे आणि मनावरच्या ताणाकडे बोट दाखवलं. आज निदानासाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कसोट्या वापरतात. त्यांत तोंड किती उघडतं हे जसं मोजतात, तसंच माणूस काळजीत आहे का, हेही विचारतात. ऐंशी वर्षं दात कोरून झाल्यावर शास्त्राने विचारलं, “काय हो, घरी सगळं ठीक ना?”

बाईंनीही तेच विचारलं, पण आडवळणाने. “काका, दिवसभर तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेले असतात का?”

“मग आणखी कुठे असणार?”

“सुटे! ओठ मिटलेले, दात सुटे. दात एकमेकांना लागायचे ते फक्त चावताना आणि गिळताना.”

मी थक्क झालो. मराठी माणूस चावण्याच्या बाबतीत फारसा प्रसिद्ध नसला तरी गिळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. तो अपमान गिळतो, आवंढा गिळतो, राग गिळतो आणि उरलेल्या वेळात मूग गिळून बसतो. मग दात सुटायचे कधी? मला एकदम नानांचे चाळीस प्रश्न आठवले. प्रत्येक उत्तराला माझा आवाज गोड असे, आणि त्या गोडव्यामागे दात करकचून आवळलेले. रविवारच्या फोनवर मान ‘हो’ म्हणत असे आणि जबडा ‘नाही’ला आत कोंडून दाराशी पाठ लावून उभा असे. दोघं मिळून एकच काम करत होते. दुखणंही मग दोघांनी वाटून घेतलं, यात नवल ते काय?

“आता ‘न’ म्हणा,” बाई म्हणाल्या.

“न.”

“जीभ वरच्या दातांच्या मागे टेकली ना? तिथेच ठेवा. बघा, दात आपोआप सुटे होतात. जेव्हा जेव्हा आठवेल तेव्हा मनात ‘न’ म्हणायचं.”

या अक्षराचा मी आजवर ‘नमस्कार’, ‘नक्की’ आणि ‘निवांत होऊ द्या’ एवढ्याच शब्दांसाठी उपयोग केला होता. ते औषध म्हणून दिवसातून शंभरदा घ्यायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

बाकीचे उपचार साधे होते. काही दिवस मऊ भात. घास लहान. सुपारी बंद. गालावर आणि मानेवर गरम शेक. जांभई देताना हनुवटीखाली मूठ, कारण जास्त उघडून जबडा निखळला की पंचाईत. तो बसवायची युक्ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या एका पपायरसावरही लिहिलेली आहे. पण म्हणून निखळवून पाहू नये. रात्री दातांवर घालायला एक पातळ कवच मिळालं. हनुवटी मागे घ्यायचा आणि खांदे सैल सोडायचा व्यायाम मिळाला. पट्टा काढायला सांगितला. एक्स-रेतली ती झीज मान कधीच न दुखलेल्यांच्या मानेतही सापडते, असंही कळलं. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर सांध्याला त्याचं त्याचं वाजू द्यावं. बहुतेकांचं दुखणं एवढ्यावर आटोक्यात येतं. दाढ काढायची घाई करू नये. हे ऐकून माझ्या दाढेने सुटकेचा निःश्वास टाकल्याचं मला जाणवलं.

चार महिन्यांत पट्टी एकेचाळीसवर गेली. तिसरं बोट आत शिरलं. मानेतली कळ पूर्णपणे गेली असं नाही. पण आता ती पाहुण्यासारखी येते, चहा घेते आणि जाते. एका गोष्टीची मात्र मला कल्पना नव्हती. पट्टा गेला आणि नानांचा तो प्रश्नही गेला. पुन्हा “आज बँकेला सुट्टी का रे?” सुरू झालं. पहिले आठ-दहा दिवस मला चुकल्यासारखं होत होतं. एकदा तर मी कपाटातून पट्टा काढून हातात घेतलाही होता.

पुढच्या रविवारी फोन आला. अक्रोड झाले, शब्दकोडी झाली. “दादा, तू आहेस म्हणून मला काही काळजी नाही बघ.” मान सवयीने हलायला निघाली होती, पण जीभ त्या वेळी नेमकी वरच्या दातांमागे, डॉक्टरांच्या आज्ञेत होती.

“नाही,” मी म्हटलं.

समोरचा चेहरा इतका निश्चल झाला की मला वाटलं नेटवर्क गेलं.

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे, नोव्हेंबरात महिनाभर ये. नानांजवळ राहा. मी आणि तुझी वहिनी गुहागरला जातोय.”

आला. येणार नाही असं मला वाटलं होतं, पण आला. अक्रोडांची दोन पाकिटं घेऊन आला. आम्ही गुहागरला गेलो. मी दोन्ही वेळा भाकरी खाल्ली. सौ.ने दिव्याची चौकशी केली नाही. नवव्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

“दादा, नाना मला ओळखत नाहीत रे. सारखे विचारतात, ‘आपण कोण? आमचा धाकटा अमेरिकेत असतो. आपल्याला कधी भेटतो का हो तो? बरा आहे ना?’ आज सकाळपासून पन्नास वेळा विचारलं असेल.”

“मग तू काय सांगतोस?”

“सांगतो, भेटतो. बरा आहे. तुमची फार आठवण काढतो.” तो जरा थांबला. “आणि दादा, परवापासून माझी मान धरलीय. डावीकडे. जेवताना कानापुढे काही तरी ‘कट्’ असं वाजतं.”

समुद्राचा आवाज येत होता. फोन दुसऱ्या कानाला लावून मी त्याला म्हटलं, “हे बघ, ‘न’ म्हण.”